कारण: तांत्रिक

मुख्यालयाचं परिपत्रक आलं तेव्हा पासवर्ड डबा उघडून बसला होता. दुकानांतले वजनकाटे आणि पेट्रोलपंपांची मापं तपासणाऱ्या त्या कार्यालयात सगळे त्याला पासवर्ड म्हणत, कारण स्वतःचा पासवर्ड विसरल्याशिवाय कुणाला त्याची आठवण येत नसे. सतरा वर्षांपूर्वी त्याने कार्यालयासाठी एक वेबसाइट लिहिली होती. हजेरी, रजा, बढती, बदली असं सगळं तिच्यावर चालायचं. ती लिहिली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, डोक्यावर केस होते, आणि आपण लिहिलेलं पाच वर्षांत कुणीतरी बदलून टाकेल अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. केस गेले, वेबसाइट राहिली.

परिपत्रकात लिहिलं होतं की सर्व कार्यालयांनी आपापल्या वेबसाइट महिन्याभरात आधुनिक एन्क्रिप्शनवर आणाव्यात. त्यानंतर जुन्या पद्धतीने आलेली कुठलीही माहिती मुख्यालय स्वीकारणार नाही. पासवर्डने ते दोनदा वाचलं आणि डबा बंद केला. हेच त्याने गेल्या सहा वर्षांत चार वेळा लेखी दिलं होतं. वेबसाइटवर येणारी-जाणारी माहिती कुलपात घालून पाठवली जाते, आपलं कुलूप फार जुनं झालंय, आता ते कुणीही उघडू शकतं, नवं बसवू या, असं अगदी बाळबोध भाषेत. चारही वेळा कागद एकच शेरा घेऊन परत आला होता. 'सध्या चालत आहे ना? मग चालू द्यावे.'

एरवी त्याने पाचव्यांदा जीव आटवला नसता. पण या वेळी त्याचा स्वतःचाच जीव त्यात अडकला होता. त्याची बायको नऊ तासांच्या बसप्रवासावरच्या शहरात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती. दोघांच्याही नोकऱ्या कायमच्या होत्या, संसार तेवढा तात्पुरता राहिला होता. नऊ वर्षं. तो गेला तर महिन्यातून दोन रविवार जायचा. मुलगी दोन वर्षांची होती तेव्हापासून हे चाललं होतं, आता ती अकरा वर्षांची झाली होती. तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बाबांची हजेरी मांडायला सुरुवात केली होती. बाबा आले की त्या रविवारी 'ह', नाही आले की 'गै'. पासवर्डला ते बघून हसू आलं होतं, आणि मग परतीच्या बसमध्ये नऊ तास ते हसू गिळत बसावं लागलं होतं.

तर त्या शहरातल्या कार्यालयातला तांत्रिक सहायक निवृत्त होत होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिथे एक जागा रिकामी होणार होती. इकडच्या कार्यालयात तांत्रिक माणूस म्हणजे पासवर्ड एकटाच. बदलीचा अर्ज त्याने केव्हाच भरला होता. वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला सकाळी अकरा वाजता, त्याचीच वेबसाइट बदलीची यादी तयार करून मुख्यालयाला पाठवायची, आणि त्यावरून मुख्यालयाचा संगणक आदेश काढायचा. मधे माणूस नसल्यामुळे कुणाचा वशिला चालत नसे. या व्यवस्थेचा पासवर्डला फार अभिमान होता. आता नवं कुलूप बसवलं नाही तर ती यादीच मुख्यालयात शिरणार नव्हती.

तो साहेबांकडे गेला. साहेबांनी हेडक्लार्क बाईंना बोलावून घेतलं, कारण बाईंशिवाय साहेब स्वतःच्या मतावर येत नसत. पासवर्डने पुन्हा सगळं समजावलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कुलूप बसवलं तर किल्ली कुणाकडे राहणार?"

"तशी किल्ली नसते साहेब. संगणक आपापसात ठरवतात."

"म्हणजे मला माहीत नाही आणि संगणकाला माहीत आहे, असं?"

बाईंचा प्रश्न वेगळा होता. त्यांना किल्ल्यांची नोंद कुठल्या वहीत घ्यायची हे हवं होतं. शेवटी त्यांनी नवी वही घातली, पहिल्या पानावर 'किल्ल्यांची संख्या : निरंक' असं लिहिलं आणि पासवर्डची सही घेतली. मग साहेब म्हणाले की याने फायदा काय होणार ते एका वाक्यात लिहून द्या, वर कळवायला बरं पडतं. पासवर्डने लिहिलं, 'नव्या पद्धतीत माहितीमध्ये वाटेत कुणालाही फेरफार करता येणार नाही, त्यामुळे पोहोचलेली माहिती खरी आहे याची पूर्ण खात्री राहील.' वाक्याचा पहिला अर्धा भाग बरोबर होता. दुसरा त्याने मंजुरीच्या घाईत जोडला. साहेबांना नेमका तोच आवडला. मुख्यालयाला पाठवायच्या पत्रात त्यांनी तो जशाच्या तसा उचलला, स्वतःच्या सहीने.

शनिवारी दुपारी कार्यालय रिकामं असताना पासवर्डने काम हातात घेतलं. सर्व्हरची खोली म्हणजे स्टेशनरीचं कपाट आणि पुरुषांचं प्रसाधनगृह यांच्यामधली जागा. त्याने सर्व्हरवर नवी अपडेट्स घातली, जुनी दोन कुलपं बंद केली, नवं चालू केलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. वेबसाइटने मान टाकली. सर्व्हर नव्या कुलपाला तयार होता, पण सतरा वर्षांची ती वेबसाइट सवयीने जुनंच मागत होती. पासवर्डला तिचं फार आश्चर्य वाटलं नाही, याच कार्यालयात वाढलेली होती ती. त्याने तिच्या मांडणीच्या फाइलमध्ये दोन ओळी घालून तिला लेखी कळवलं की यापुढे नवं वापरायचं. लेखी मिळाल्यावर ती मुकाट्याने चालू झाली.

मग त्याने चार ब्राउझरमधून, तीन संगणकांवरून आणि साहेबांच्या जुन्या मोबाइलवरूनही ती उघडून बघितली. पत्त्याशेजारी कित्येक वर्षं दिसणारी 'असुरक्षित' ही पाटी गेली होती आणि तिथे एक छोटंसं कुलूप आलं होतं. त्याने त्या कुलपाचा फोटो बायकोला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"हे काय पाठवलंय?"

"कुलूप. बसलं एकदाचं."

"बरं झालं. आता तिथल्या घराला लावा आणि इकडे या," ती म्हणाली. तिच्या आवाजात नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला घाई ऐकू आली. त्या आनंदात तो सर्व्हरच्या खोलीतून बाहेर पडला, फाटकाशी आला आणि सवयीने अंगठा लावला. यंत्र म्हणालं, "धन्यवाद."

इथे त्याचा घात झाला. फाटकावरचं ते अंगठ्याचं यंत्र बारा वर्षांचं होतं. ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. त्या यंत्राला फक्त जुनं कुलूप ठाऊक होतं. अंगठा घेतला की ते सर्व्हरचं दार ठोठावायचं, आत जाऊन हजेरी मांडायची आणि परत यायचं. आता सर्व्हरने जुन्या कुलपावाल्यांना दारातूनच हाकलायला सुरुवात केली होती. आत प्रवेशच नसल्यामुळे वेबसाइटला कुणी येऊन गेल्याचा पत्ता नव्हता, त्यामुळे तिने कुठे तक्रार नोंदवली नाही. आणि यंत्राला आभार मानायला सर्व्हर लागत नव्हता. आत काहीही होवो, ते बाईच्या गोड आवाजात प्रत्येकाला धन्यवाद म्हणत राहिलं. पासवर्डने दहा दिवस रोज दोनदा ते धन्यवाद घेतलं. स्वतःची हजेरी रोज उघडून बघणारा माणूस त्या कार्यालयात एकही नव्हता.

आता यंत्र गप्प झालं तर वेबसाइटने काय समजावं, याचाही एक नियम होता. तो पासवर्डनेच लिहिला होता. बारा वर्षांपूर्वी यंत्र नवं होतं तेव्हा मोठ्या सामन्याच्या दिवशी कर्मचारी त्याची पिन काढून ठेवत आणि घरी जात. यंत्र बंद म्हणजे सगळे हजर, असा तेव्हाचा रिवाज होता. पासवर्ड तेव्हा तरुण होता आणि त्याला न्यायाची हौस होती. त्याने दोन ओळी लिहिल्या : यंत्राकडून सलग तीन दिवस काही आलं नाही, तर अंगठा लावणारे सगळे पहिल्या दिवसापासून विनापरवाना गैरहजर, आणि दहा दिवस भरले की नोटीस. लोकांनी त्याला महिनाभर शिव्या घातल्या. तेव्हाच्या साहेबांनी त्याचं कौतुक केलं. पिन काढणं थांबलं, नियम विस्मरणात गेला, आणि त्या दोन ओळी आपली वेळ येण्याची वाट बघत बारा वर्षं पडून राहिल्या.

यादीच्या दिवशी पासवर्ड नवा शर्ट घालून आला होता. अकराला पाच मिनिटं असताना तो संगणकासमोर बसला. अकरा वाजले. पडद्यावर आलं : 'यादी सुरक्षितपणे पाठवली.' त्याने खुर्चीला पाठ टेकली. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतला प्रिंटर सुरू झाला आणि थांबेना.

हेडक्लार्क बाई पहिला कागद घेऊन आल्या. ती कारणे दाखवा नोटीस होती, त्यांच्याच नावाची. दहा दिवस विनापरवाना गैरहजर राहिल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करावा. बाईंनी सत्तावीस वर्षांत चार रजा घेतल्या होत्या, त्यांतली एक स्वतःच्या लग्नाची. प्रिंटरने एकूण त्रेचाळीस नोटिसा काढल्या. त्रेचाळिसावी साहेबांना होती, आणि खाली साहेबांचीच सही होती, कारण सगळ्या नोटिसांवर ती आपोआप उमटायची.

साहेबांना वाटलं की हा कुणीतरी केलेला चावटपणा आहे. बाईंनी त्यांना समजावलं की नोटिशीला जावक क्रमांक पडलेला आहे, आता खुलासा द्यावाच लागेल. साहेबांनी खुलासा लिहिला की सदर दहा दिवस मी माझ्या खोलीत उपस्थित होतो आणि याला मी स्वतः साक्षीदार आहे. तो त्यांनी योग्य मार्गाने बाईंकडे दिला. बाईंनी तो टिपण जोडून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी त्यावर शेरा मारला, 'खुलासा समाधानकारक. यापुढे काळजी घ्यावी.' उरलेल्या बेचाळीस जणांची गैरहजेरी त्याच दुपारी एका आदेशाने माफ झाली आणि लोक पासवर्डच्या नावाने ठेवणीतल्या शिव्या देऊन चहाला गेले.

पासवर्ड मात्र चहाला गेला नाही. फाटकाशी जाऊन त्याने यंत्र उघडलं आणि त्याला सगळा उलगडा झाला. मुख्यालयाचा नियम होता की सलग सात दिवस विनापरवाना गैरहजर असलेल्याचा बदलीअर्ज बाद. त्याची स्वतःची गैरहजेरी दहा दिवसांची होती. ती आता माफ झाली होती, पण दुपारी चार वाजता. यादी गेली होती अकराला.

त्याने मुख्यालयात फोन लावला. तिथल्या बदली शाखेच्या अधिकाऱ्याला सगळं सविस्तर सांगितलं. वेबसाइटच्या आधी असं काही झालं की यादी टपालात असायची, एका फोनवर नाव घातलं जायचं. अधिकाऱ्याने सभ्यपणे सगळं ऐकून घेतलं.

"यादी नव्या पद्धतीने आली आहे ना?"

"हो, पण आतली माहिती चुकीची आहे."

"चुकीची कशी असेल? तुमच्याच कार्यालयाचं पत्र आहे माझ्यासमोर. थांबा, वाचतो." आणि त्याने वाचलं, शांतपणे, एकेक शब्द. 'पोहोचलेली माहिती खरी आहे याची पूर्ण खात्री राहील.' "हे तुमच्या साहेबांनी लिहिलंय."

पासवर्डने ते वाक्य आपलं आहे हे सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता. खोटी माहिती वाटेत कुणी खरी करू नये, एवढा बंदोबस्त त्याने स्वतःच्या हाताने केला होता.

दुसऱ्या दिवशी आदेश आला. आदेश बघून पासवर्डला आधी काहीच कळेना. त्या शहरातली तांत्रिक सहायकाची जागा भरली गेली होती. इकडच्याच कार्यालयातून, आणि माळीदादाला पाठवून.

याचंही मूळ शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. माळीदादा कार्यालयाभोवतीची बाग बघायचा. वर्षानुवर्षं मातीत, खुरप्यात आणि औषधांच्या पाण्यात हात घालून त्याच्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. यंत्र आलं तेव्हा ते त्याला ओळखेना. तो बिचारा रोज सकाळी अंगठा धुवायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा, आणि यंत्र म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा. महिनाभर काम करून तो कागदावर गैरहजर राहिला. पासवर्डला ते बघवलं नाही. त्याने माळीदादाला अंगठ्यातून सूट दिली, म्हणजे कायम हजर समजावं असं करून टाकलं. सूट देण्यासाठी कारण द्यावं लागायचं आणि वेबसाइटवर कारणं दोनच होती : 'फिरती' आणि 'तांत्रिक'. माळीदादा फिरतीवर नव्हता. पासवर्डने दुसरं निवडलं. संध्याकाळी माळीदादाने त्याच्या टेबलावर गुलाबाची एक कुंडी आणून ठेवली.

त्या एका शब्दाने अकरा वर्षं कुणाचं वाईट केलं नाही. पण मुख्यालयाचा नवा संगणक तोच रकाना कर्मचाऱ्याचा गट म्हणून वाचत होता. त्याच्या दृष्टीने त्या कार्यालयात तांत्रिक गटाचे दोन कर्मचारी होते. एकाने अर्ज केला होता, पण तो दहा दिवस बेपत्ता होता. दुसऱ्याने अर्ज केला नव्हता, पण अकरा वर्षांत त्याची एक रजा नव्हती, एक उशीर नव्हता. असा माणूस एकाच जागी सडत ठेवणं संगणकाला योग्य वाटलं नसावं. वर नियम असा की प्रशासकीय कारणाने झालेली बदली तीन वर्षं बदलता येत नाही. माळीदादाच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. म्हणजे ती जागा आता मुलगी चौदा वर्षांची होईपर्यंत उघडणार नव्हती.

माळीदादा आदेश घेऊन आला तेव्हा तो कागद त्याने बियाण्याच्या पिशवीत घडी करून आणला होता.

"साहेब, मला नीट वाचून दाखवा हो. कुणी म्हणतंय बढती आहे, कुणी म्हणतंय शिक्षा."

पासवर्डने वाचून दाखवलं.

"बाग केवढी आहे तिथे?"

"बाग नाही. तिसऱ्या मजल्यावर आहे कार्यालय."

"मग मी करायचं काय?"

"कॉम्प्युटर."

माळीदादाने खिडकीतून आपल्या बागेकडे बघितलं. मग त्याने दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला जायचं होतं ना तिकडे? पोरगी आहे तुमची. मग असं करा, माझ्या जागी तुम्ही जा. मी नाही सांगत कुणाला."

पासवर्डला हसताही येईना. त्याने सगळं सांगून टाकलं. अंगठा, सूट, दोन कारणं, त्यांतलं आपण निवडलेलं एक. माळीदादाने त्याला फक्त एवढंच विचारलं की तेव्हा ते चांगल्यासाठीच केलं होतं ना. पासवर्ड हो म्हणाला.

"मग जाऊ द्या," माळीदादा म्हणाला.

त्याने तिथेच एक सणसणीत शिवी हासडली असती तर पासवर्डला पुष्कळ बरं वाटलं असतं.

पासवर्डने बायकोला फोन करून सांगितलं की येतोय तो मी नाही, माळीदादा येतोय, त्याच्यासाठी एखादी खोली बघ. मग तिने विचारलं की त्यांना तिखट चालतं का.

माळीदादा गेला त्या आठवड्यात मुख्यालयातून साहेबांना अभिनंदनाचं पत्र आलं. विभागात सर्वांत आधी आधुनिक एन्क्रिप्शन राबवल्याबद्दल. साहेबांनी ते फ्रेम करून खुर्चीमागे लावलं आणि त्याच दिवशी बाईंनी पासवर्डपुढे एक आदेश ठेवला. कार्यालयात तांत्रिक गटाच्या दोन जागा, त्यांतली एक रिकामी झाली, तर तिचा अतिरिक्त कार्यभार त्याच गटातल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे.

"बाई, ती जागा माळ्याची आहे."

"कागदावर तांत्रिक आहे. आणि कागद कुणी केला?" बाई आपली नोटीस विसरल्या नव्हत्या. "खुरपं, पाइप आणि दोनशे बारा कुंड्या. मोजून घ्या आणि सही करा."

पासवर्डने मोजून घेतल्या. दोनशे अकरा भरल्या. दोनशे बारावी त्याच्या टेबलावर होती.

तेव्हापासून तो रोज सकाळी साडेसातला पाइप घेऊन उभा राहू लागला. कुंड्यांना रविवार नसतो. पहिल्या महिन्यात तो एकदा जाऊन आला, तर परतल्यावर चौदा रोपं करपलेली निघाली आणि बाईंनी त्यांचा खुलासा मागितला. पुढे त्याने जाणं सोडलं. संध्याकाळी फोन व्हायचा. बायको सांगायची की माळीदादांना एका संगणकासमोर बसवलंय, ते रोज सकाळी तो ओल्या फडक्याने पुसतात. सर्व्हरच्या खोलीत गारवा असतो म्हणून तिथे त्यांनी कुंड्या ठेवल्यात, आणि तिथले साहेब म्हणतात की असा शिस्तीचा तांत्रिक माणूस आम्हाला आजवर मिळाला नव्हता. मुलगी फोन घ्यायची ती सूचना द्यायला. "बाबा, काकांनी सांगितलंय, गुलाबाला दुपारी पाणी घालू नका. मुळं भाजतात." पासवर्ड बरं म्हणायचा आणि लिहून ठेवायचा.

एकदा तो बायकोला म्हणाला, "कॅलेंडरवर 'गै' लिहून लिहून पोरगी कंटाळली असेल."

"नाही," बायको म्हणाली. "दर रविवारी 'ह' आहे."

"मी तर चार महिने आलो नाही."

"माळीदादा येतात ना जेवायला. तिला रोपं लावायला शिकवतात." मग ती म्हणाली, "ती विचारत होती, बाबांसाठी वेगळं कॅलेंडर करू का म्हणून. मी म्हटलं, राहू दे."

पासवर्डने कुंड्यांचा विषय काढला.

त्याच आठवड्यात फाटकावर नवं यंत्र बसलं. याला नवं कुलूप येत होतं. आवाज मात्र जुन्या यंत्रातल्याच बाईचा होता. सगळ्यांनी रांगेने अंगठे लावले, सगळ्यांना धन्यवाद मिळालं. पासवर्ड बागेतून सरळ आला होता. त्याने अंगठा लावला. यंत्र म्हणालं, "पुन्हा प्रयत्न करा." त्याने हात धुतला, पुसला, पुन्हा लावला. सहा दिवस तो रोज धुवत होता, पुसत होता, लावत होता. खुरप्याने अंगठ्याला घट्टे पडले होते आणि औषधाच्या पाण्याने कातडी सोलली होती. सहाव्या दिवशी बाईंनी त्याला बाजूला घेतलं. उद्या सातवा दिवस, त्या म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांचा आवाज बराच मऊ होता.

त्यांनी स्वतःच्या संगणकावर अंगठ्यातून सूट देण्याचा अर्ज उघडला. पत्त्याशेजारी छोटं कुलूप नीट दिसत होतं. खाली कारणं अजून दोनच होती. तिसरं घालायला पासवर्डला पाच मिनिटं लागली असती, पण आता वेबसाइटमध्ये काहीही बदलायचं तर मुख्यालयाची मंजुरी लागत होती. सुरक्षेसाठी ते आवश्यक आहे, असं नव्या कुलपासाठी दिलेल्या टिपणात त्यानेच लिहिलं होतं.

"कारण काय टाकू?" बाईंनी विचारलं.

"टाका तांत्रिक," पासवर्ड म्हणाला.

बाईंनी कळ दाबली. त्या दिवसापासून तो त्या कार्यालयात कायमचा हजर आहे.